डहाणू रोड स्टेशनसमोर काय बदलायला हवं?

प्रश्न: २०१३ साली चर्चगेटची लोकल आमच्या डहाणू रोडपर्यंत आली, गर्दी वाढली. पश्चिमेला बाहेर पडलं की शेअर रिक्षा अगदी पायरीला भिडलेल्या. सासूबाईंना काठी टेकायला जागा मिळत नाही. काय मागावं?

उत्तर १: रिक्षांची रांग मागे आणि पायऱ्यांशेजारी कठड्याचा उतार. फरशी खडबडीतच मागा. गुळगुळीत ग्रॅनाइटवर पावसाळ्यात माणसं आपटतात.

उत्तर २: टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायांना मात्र हटवू नका. छप्पर द्या, नळ द्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन, आणि विकणारी बाई उन्हात?

प्रश्नकर्ती: ताई, अगदी पटलं. अर्ज कुणाकडे?

उत्तर १: रेल्वे आणि नगरपरिषद, दोघांकडे. आवार रेल्वेचं, बाहेरचा रस्ता त्यांचा नाही. हाताने काढलेला नकाशा जोडा.