सल्ला हवा: नामिबियात कुडूसाठी ३०८, ३०-०६ की थेट ३७५?

होटगीरोडकर
मंडळी, आमचे दाजी सहा वर्षं नामिबियात बोअर मारायच्या धंद्यात आहेत. पाण्याचे बोअर. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर रायफलच्या धाग्यावर लगेच विनोद सुरू होतील. ज्या शेतमालकाकडे त्यांनी बोअर मारले, त्याचा शिकारीचा रीतसर परवाना असलेला फार्म आहे. जूनमध्ये मला बोलावलंय. एक कुडू, एक गेम्सबॉक आणि खिशाला परवडलं तर ईलँड, तिन्ही आफ्रिकेतली मोठी हरणं.

रायफल तिथलीच भाड्याने मिळणार. मालकाकडे तीन आहेत: ३०८, ३०-०६ आणि ३७५ एच अँड एच (आकडे म्हणजे काडतुसाची मापं, ३७५ सगळ्यांत जाड आणि जोरदार). कुठली बाजूला ठेवू, असं विचारतोय. आठवड्यात कळवायचंय.

माझा अनुभव म्हणाल तर आजोबांची बाराबोर. पीकसंरक्षणाचं लायसन्स, आता वडिलांच्या नावावर. वर्षातून एकदा तिला तेल लागतं आणि दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा होते, तेवढाच तिचा प्रवास. लहानपणी आजोबांनी मला पहिला बार काढू दिला तेव्हा दस्ता खांद्याला नीट टेकवला नव्हता. आठ दिवस खांदा जांभळा होता आणि शाळेचा शर्ट आई घालून द्यायची. आता वजन ६२ किलो.

तरी मन ३७५ कडे ओढतंय. एवढ्या लांब जायचं, जनावर मोठं, मग बंदूकही मोठी नको का?

नान्नजचा
सल्ला देणारे देतील, पण हा धागा वाचून कुणाच्या डोक्यात भलतं येऊ नये म्हणून: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. आमच्या माळावरचं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्याकडे दुर्बिणीतून बघायचं, बाकी कशातून नाही. नामिबियाचा विषय वेगळा, चालू द्या.

बार्शीकर काका
३०-०६ घ्या आणि निवांत झोपा.

आता कारण. नामिबियात जनावरानुसार किमान ऊर्जा ठरवून दिलेली आहे, म्हणजे नळीच्या तोंडाशी गोळीत किती जोर हवा ते. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला १३५० जूल. कुडू, गेम्सबॉक, विल्डबीस्ट, ईलँड यांना २७००. आफ्रिकी रानम्हैस आणि हत्ती यांना ५४००.

३०-०६ ची नेहमीची गोळी १८० ग्रेनची. जुना तोळाही १८० ग्रेनचाच, त्यामुळे गोळीचं वजन बरोबर एक तोळा. घरातलं तोळ्याचं वळं तळहातावर ठेवून बघा, म्हणजे अंदाज येईल. तेवढं वजन सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतं. हिशोब ३९०० जूलच्या वर जातो, २७०० ची अट केव्हाच मागे पडली. ३०८ तिच्यापेक्षा थोडी कमी, तीही अटीत आरामात बसते. ३७५ ची ३०० ग्रेनची गोळी पावणेसहा हजारांच्या घरात जाते. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने ती काढली आणि आजही आफ्रिकेत रानम्हशीसाठी सगळ्यांत आधी तिचंच नाव निघतं. तुम्ही रानम्हशीला चाललाय का? नाही ना. कुडूचा नर अडीचशे किलोच्या आत-बाहेर.

पुढचा जोर वाढला की मागचाही वाढतो. ३७५ चा धक्का ३०-०६ च्या जवळपास दुप्पट. ज्याचा खांदा बाराबोरने आठ दिवस जांभळा राहिला, तो माणूस दुसऱ्या गोळीला चाप ओढण्याआधीच डोळे मिटणार. मग गोळी जाते पोटात, आणि जनावर जातं काटेरी झुडपात दोन-तीन किलोमीटर.

आणखी एक, दाजींनी हे सांगितलं नसेल तर: तिकडे रक्त सांडलं की पैसे लागले. जखमी जनावर सापडलं नाही तरी पूर्ण बिल.

वाघ्या४५८
काका, आफ्रिकेला जाऊन ३०-०६? ती तर लग्नाला जाऊन वरणभात खाल्ल्यासारखी झाली. मी असतो तर ४५८ च्या खाली बोललोच नसतो.

बार्शीकर काका
वाघ्या, तू आजवर किती बार काढलेस ते आधी सांग बे.

वाघ्या४५८
एअरगनने फुगे. गड्ड्याच्या जत्रेत. 😄

बरं, उलट बाजूने विचारतो. तो बेल नावाचा स्कॉटिश शिकारी, त्याने हजारभर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे ७ मिमीच्या रायफलने. मग हे जूल-बिल कशाला?

बार्शीकर काका
हे मात्र चांगलं काढलंस. बेल वापरायचा ती २७५ रिग्बी, म्हणजेच ७ बाय ५७. चंपावतची वाघीण मारली म्हणून १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळाली तीही २७५ रिग्बीच. पण बेल हत्तीच्या मेंदूचा नेम धरायचा, घन, म्हणजे न पसरणारी गोळी वापरायचा आणि वर्षानुवर्षं हाच धंदा केला. हत्तीच्या कवटीत मेंदू कुठल्या कोनातून कुठे बसतो, हे त्याला पाठ होतं. आपण होटगी रोडवरून सुट्टीला चाललोय. आणि तीच रायफल आज नामिबियात हत्तीवर चालवली तर बेकायदा ठरेल. किमान ऊर्जेची अट बेलसाठी नाही, तुझ्या-माझ्यासाठी आहे.

होटगीरोडकर, बोअरपेक्षा, म्हणजे नळीच्या मापापेक्षा, गोळी कसली आहे ते मालकाला विचारा. याकडे लोक बघतच नाहीत. साधी सॉफ्ट पॉइंट गोळी लागली की पसरते आणि जखम रुंद करते. पण जवळून, पूर्ण वेगात खांद्याच्या हाडावर बसली तर काही हलक्या गोळ्यांचे तिथेच तुकडे होतात. आत काहीच पोचत नाही. ईलँडचा नर सहाशे-सातशे किलोचा, त्याच्या खांद्यावर तर हमखास फजिती. बॉन्डेड मागा, ज्यात तांब्याचं आवरण शिशाला पक्कं जोडलेलं असतं. किंवा पूर्ण तांब्याची. ती पसरते पण वजन धरून ठेवते आणि खोल जाते. ३०-०६ मध्ये १८० ग्रेनची अशी चांगली गोळी असेल तर तिन्ही जनावरं एकाच पेटीत उरकतात. ३७५ मध्ये स्वस्तातली कुठलीतरी असेल, तर मोठ्या आकड्याचा उपयोग फुशारकीपुरता.

अक्कलकोटकर
अवांतर: मग आपल्याकडे लायसन्सवाल्यांकडे ३१५ च का दिसते? तिचं गणित काय?

बार्शीकर काका
लष्कराची काडतुसं सामान्यांच्या हाती नकोत, हे गणित. ३०३ लष्करी, म्हणून ती प्रतिबंधित बोअर. मग ईशापूरच्या कारखान्याने तिच्याच धाटणीची रायफल ३१५ मध्ये काढली. हा उद्योग इंग्रजांपासूनचा आहे. १९०७ मध्ये त्यांनी हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअर आणायला बंदी घातली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? ४६५, ४७०, ४७५ अशी किंचित जाड काडतुसं काढली आणि गिऱ्हाईक सांभाळलं. वाघ आणि हत्तींसाठी नावाजलेली ४७० नायट्रो त्या बंदीचीच पोर.

माढेकर
काका, माझ्या मक्यात रानडुकरांनी धुमाकूळ घातलाय. ३१५ चं लायसन्स काढलं तर चालेल का?

नान्नजचा
लायसन्स म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी आणि लेखी लागते. आधी नुकसानीचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या. करमाळ्यातला तो माणसं मारणारा बिबट्या आठवतोय ना, डिसेंबर २०२० चा? पोरांना शेतात पाठवायची सोय नव्हती, तरी त्याला गोळी घातली ती वनखात्याचा आदेश निघाल्यावरच. डुकरासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता नको.

नेमबाज_ताई
मी शिकारी नाही, २२ च्या स्पर्धा खेळलेय. तरी एक सांगते, कारण सगळे दादालोक काडतुसातच अडकलेत.

होटगीरोडकर, तिकडे बहुतेक गोळ्या उभं राहून, तीन काठ्यांच्या तिवईवर नळी टेकवून मारतात. तुम्ही तसं कधी उभे राहिलात? बांबूच्या तीन काठ्या घ्या, खांद्याइतक्या उंच. वरून वीतभर अंतरावर सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधा आणि फाकवा. झाली तिवई. १७७ ची एअर रायफल घ्या, २० जूलच्या आतली. तिला लायसन्स लागत नाही. मागे पक्की भिंत आणि जाड गोणी हवीच. रोज वीस छर्रे पुरे. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप दाबत न्यायचा. बार कधी होतो ते आपल्यालाच कळू नये. धक्क्याची भीती तिथेच मोडते. गोळीबार सुरू झाल्यावर नाही मोडत.

तिकडे गेल्यावर मालकाला सांगा, तुम्हाला न दाखवता कधी भरलेली, कधी रिकामी रायफल हातात द्या. रिकाम्या रायफलीवरही तुमची नळी खाली झुकली, तर समजा घाबरताय.

बार्शीकर काका
ताईंना माझ्या दोन प्रतिसादांइतके गुण.

त्यात एकच भर. कुडूचं काळीज आपल्याला वाटतं त्याहून खाली आणि पुढे असतं. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाची रेष धरून वर या आणि छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबा. खांद्यामागे मधोमध मारायची सवय तिकडे महागात पडते.

होटगीरोडकर
सगळ्यांचे आभार. दाजींना ३०-०६ कळवली. मालक म्हणाला, बरं झालं, ३७५ मागणारे पाहुणे पहिल्या दिवशी कागदावरच्या पाच गोळ्यांनंतर आपणहून बदलून घेतात. गोळी बॉन्डेड, १८० ग्रेनचीच आहे. तोळ्याचं वळं बायकोकडे मागितलं तर तिने आधी कारण विचारलं, मग दिलं, मग लगेच परत घेतलं.

कुडूची शिंगं घरी आणायचं मनात होतं, पण दाजींनीच नको म्हणून सांगितलं. फोटोवर भागवायचं.

तिवई बांधली. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीला वाळूची गोणी लावलीय. काल पहिले वीस छर्रे मारले, त्यातले अकरा कागदावर. शेजारचे अण्णा वर येऊन विचारून गेले, "डिश बसवतोय का?"

नेमबाज_ताई
वीस मीटर असेल तर अकरा वाईट नाहीत. किती अंतर होतं?

होटगीरोडकर
आठ. 🙈

नेमबाज_ताई
जूनला अजून वेळ आहे.