मदत हवी आहे: गावची सकाळची एसटी बंद, ग्रामपंचायतीच्या पैशातून फेरी सुरू करता येते का?

धुऱ्यावरून
आमच्या गावची सकाळची गाडी बंद आहे. आगारात गेलं की "भारमान नाही", म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, एवढं एकच उत्तर. सरपंच म्हणतात ग्रामपंचायत थोडाफार वाटा उचलायला तयार आहे. तर ग्रामपंचायत एसटीला पैसे भरून फेरी सुरू करून घेऊ शकते का? कोणत्या निधीतून? कोणाच्या गावात असं झालं असेल तर कसं केलं ते सांगा. पोरगी बारावीला आहे, प्रात्यक्षिकं तोंडावर आली. आमदारांना भेटा असं कृपया कोणी सांगू नका, तिकडे जाऊन झालं. लवकर सांगा.

जुना_वाहक
भाऊ, जिल्हा कोणता? गाडी नेहमीची लाल होती की शाळेच्या मुलींसाठीची निळी? मुक्कामी, म्हणजे रात्री गावातच थांबणारी होती की सकाळी आगारातून निघून यायची? गाव ते तालुका किती किलोमीटर? कधीपासून बंद? "भारमान नाही" हे कोणी लेखी दिलं की खिडकीतून तोंडी सांगितलं? एवढं कळल्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही.

अमरावतीकर
केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना आहे ना. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाली, 10,000 इलेक्ट्रिक बसेस, आणि चालवण्यासाठी दर किलोमीटरमागे दहा वर्षं मदत. पैसा कुठून येणार या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. खड्ड्यात गेलेल्या शहर बससेवा अशानेच वर येतील. त्यासाठी पाठपुरावा करा.

राजेहो
अमरावतीकर भाऊ, थे योजना तीन लाखाच्या वरच्या शहरायसाठी हाये. तुमचं अमरावती, अकोला, चंद्रपूर बसते त्याच्यात. आमचं यवतमाळ शहरच 2011 च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आत होतं, तं खेड्याले काय भेटन? खेड्याले एक लालपरीच हाये बाप्पा.

धुऱ्यावरून
यवतमाळ जिल्हा. तालुक्याच्या गावापासून 14 किलोमीटर आत. गाडी लालच. दिवाळीच्या आधीपासून बंद. लेखी काही दिलं नाही. आता निधीचं सांगा कोणी.

रोखठोक
महिलांना अर्धं तिकीट केलं तेव्हापासून एसटीचं दिवाळं निघालं, हे कोणी बोलत नाही. मग तोट्यातल्या फेऱ्या कापणारच. फुकट वाटायचं आणि वर गाडीही पाहिजे, दोन्ही कसं जमेल? संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, हा सरकारच्याच श्वेतपत्रिकेतला आकडा आहे.

वर्गशिक्षिका
अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून सुरू झालं. एसटीचा तोटा त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. उरलेलं अर्धं भाडं सरकार महामंडळाला देतं, ते उशिरा देतं ही खरी अडचण. त्याचा राग बायकांवर काढू नका. आणि वर्षानुवर्षं एसटीच्या तिकिटातून 17.5 टक्के प्रवासी कर सरकारकडे गेला, तोही हिशेबात धरा. माझ्या शाळेत शेतमजुरांच्या मुली येतात. गाडी बंद झाली की त्यांचं शिक्षण थांबतं, हे मी दरवर्षी पाहते.

रोखठोक
ताई, मुलींना विरोध नाही माझा. पण 25 जानेवारी 2025 पासून भाडं 14.95 टक्के वाढलं, ते पुरुष प्रवाशाने पूर्ण भरायचं. सामान्य माणसाचं कोणी पाहावं?

जुना_वाहक
हा वाद दुसऱ्या धाग्यावर करा. धुऱ्यावरून भाऊ, माझा प्रश्न राहिलाच: मुक्कामी होती का?

कायद्याचं_बोला
मार्ग परिवहन महामंडळ कायदा 1950 काढून वाचा. कलम 18 मध्ये कार्यक्षम, पुरेशी आणि परवडणारी सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य सांगितलं आहे. कलम 22 म्हणतं की कारभार व्यापारी तत्त्वावर चालवायचा. आगार 22 दाखवतं, आपण 18 दाखवायचं. शिवाय कलम 34 खाली राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं. माहिती अधिकारात त्या फेरीचं गेल्या वर्षभराचं महिनावार भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न मागा. फेरी बंद करण्याच्या आदेशाची प्रतही मागा. कागद हातात आल्यावर बोलता येतं.

धुऱ्यावरून
माहिती अधिकाराला तीस दिवस लागतात. प्रात्यक्षिकं तोपर्यंत होऊन जातील.
हो, मुक्कामी होती. रात्री यायची, पहाटे निघायची. पोरी तिनेच जायच्या.

जुना_वाहक
हेच आधी पाहिजे होतं. मुक्कामी गाडीचा सगळा हिशेब वेगळा असतो. नोकरीत मी बऱ्याच मुक्कामी ड्युट्या केल्या आहेत. फेरी बंद करताना कागदावर भारमान लिहितात, पण मुळात पुष्कळदा अडचण चालक-वाहकाच्या झोपण्याची असते. रात्री गाडी लावायची, जवळ तिकिटाची रोकड, आणि झोपायचं कुठे तर गाडीतच सीटवर. पावसाळ्यात खिडक्या गळतात, थंडीत अंग आखडतं, पहाटे शौचाला जायचं तर लोकांच्या वावरात. तुम्ही म्हणाल एवढ्याने काय होतं. त्याच माणसाला पहाटे उठून शाळेच्या पोरांनी भरलेली गाडी चालवायची असते. झोप नाही तर स्टेअरिंगवर बसायचं कसं? मग त्या ड्युटीवर कोणी जायला तयार होत नाही, रजा टाकतात, आज गाडी आली उद्या नाही असं होतं. प्रवासी कंटाळून दुसरं साधन धरतात आणि मग भारमान खरंच पडतं. आगार व्यवस्थापकाला आयतं कारण मिळतं.

तुमच्या गावात मुक्कामाला खोली होती का? संडास होता का? पाणी?

मॅजिकवाला
एवढ्या कागदांच्या मागे कशाला लागता. आठ-दहा पोरी मिळून महिन्याच्या बोलीवर मॅजिक नाही तर काळीपिवळी लावा. आमच्या बाजूच्या चार गावांत तसंच चालते. दारातून नेते, दारात सोडते. एसटी यायची वाट पाहत कोणी म्हातारं व्हावं का?

वर्गशिक्षिका
दारात सोडते हे खरं. पण सकाळच्या काळीपिवळीत किती माणसं कोंबतात आणि किती मागे लोंबकळतात ते तुम्हीही पाहिलं असेल. अपघात झाला तर त्या पोरींना विम्याचं काय मिळेल? आणि एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. मजुरी करणाऱ्या बापाने मॅजिकचे पैसे दर महिन्याला कुठून आणायचे? पहिल्या महिन्यात दहा पोरी असतात, तिसऱ्या महिन्यात चार उरतात, आणि गळतात त्या गरिबांच्याच.

मॅजिकवाला
सगळेच कोंबत नाहीत ताई. माझी गाडी पासिंगची आहे, विमा भरलेला आहे. एसटी संपावर होती, ऑक्टोबर 2021 पासून पुढच्या एप्रिलपर्यंत, तेव्हा खेड्यातली माणसं आम्हीच वाहिली. तेव्हा आम्ही चाललो आणि आता वाईट झालो?

राजेहो
हे बी खरं हाये. त्या टायमाले मॅजिक नसती तं दवाखान्यात बी जाता आलं नसतं.

वर्धा_नांदेड
मुळात रस्त्यावरच का अवलंबून राहायचं? शकुंतला ही आपली नॅरोगेज रेल्वे सुरू असती तर दारव्हा, मूर्तिजापूर, अचलपूर पट्ट्यातल्या गावांना ही वेळ आलीच नसती. 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची, तिकीट सगळ्यांत स्वस्त. ब्रॉडगेजची मागणी लावून धरली पाहिजे. वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी 2024 मध्ये सुरू झाली, पुढचं यवतमाळ-नांदेडचं कामही रेटलं पाहिजे.

आजीचा_नातू
75 वर्षांवरच्यांना एसटी पूर्ण मोफत आहे, ऑगस्ट 2022 पासून. 65 ते 75 अर्धं तिकीट. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड जवळ ठेवा. आमच्या आजीला कोणी सांगितलंच नव्हतं.

पंचायतीत_नोकरी
मूळ प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, म्हणून लिहितो. पंधराव्या वित्त आयोगाचे (2021-26) पैसे दोन भागांत येतात. 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. 40 टक्के अबंधित, त्यातून गावाच्या गरजेचं काम घेता येतं, पण पगार आणि आस्थापना खर्च नाही. एसटीला दर महिन्याला फेरीचे पैसे भरणं हा चालू खर्च झाला. लेखापरीक्षणात सरपंच आणि ग्रामसेवक दोघंही अडकतील असं माझं स्पष्ट मत आहे. आमदार निधी, खासदार निधी यांतूनही बांधकाम होतं, डिझेल नाही. पण वाहक काका म्हणतात तशी खोलीची दुरुस्ती असेल तर ती अबंधितमधून बसू शकते, संडास बंधितमधून. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं पाहिजे. नसेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन आधी आराखड्यात घ्या.

धुऱ्यावरून
खोली होती, जुन्या शाळेची. मागच्या पावसाळ्यात एका बाजूचे टिनपत्रे उडाले. तेव्हापासून चालक-वाहक गाडीतच झोपायचे. संडास नाही. म्हणजे आम्ही खोली दिली तर गाडी येईल? आणि तोपर्यंत पोरींचं काय?

सायकलप्रेमी
मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळेत अर्ज करा. व्यायामही होतो.

वर्गशिक्षिका
ती सायकल शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना. यांचं गाव 14 किलोमीटर आहे आणि थंडीत पहाटे अंधार असतो. पण मानव विकासचं नाव निघालं ते बरं झालं. त्याच कार्यक्रमातून निळ्या बसेस आहेत. राज्यातले मागास 125 तालुके निवडले, तालुक्याला आधी पाच आणि नंतर सात बसेस दिल्या, आठवी ते बारावीच्या मुलींसाठी. पैसा त्या कार्यक्रमाचा, चालवते एसटी. तिथे भारमानाचं कारण चालत नाही, कारण गाडी मुलींसाठीच घेतलेली आहे. तुमचा तालुका त्या यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर निळ्या बसचा मार्ग तुमच्या गावावरून वळवून मागा. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, अर्ज त्यांच्या नावे द्या आणि प्रत जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना. मुख्याध्यापकांकडून गावनिहाय मुलींची यादी सही-शिक्क्यानिशी जोडा. आमच्या शाळेची यादी गेली तेव्हा निळ्या गाडीने दोन गावं जास्तीची घेतली. वेळ लागला, पण घेतली.

कायद्याचं_बोला
शिक्षण हक्क कायद्यातही शाळा दूर असल्यास वाहतुकीची सोय करण्याची तरतूद आहे. तोही मुद्दा टाका.

वर्गशिक्षिका
तो कायदा 6 ते 14 वयासाठी. बारावीच्या मुलीला लागू नाही. चुकीचं कलम टाकलं की अर्ज तेवढ्यावरून परत येतो.

धुऱ्यावरून
तालुका यादीत आहे, आताच शाळेतल्या सरांना विचारलं. निळी गाडी आमच्या फाट्यावरून जाते. फाटा गावापासून 4 किलोमीटर. ती गावात का येत नाही हे आजवर कोणी सांगितलं नाही.

जुना_वाहक
मग तुमचं काम निम्मं सोपं झालं. आता दोन अर्ज करा, एकत्र करू नका. एकत्र केले की एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं.

पहिला निळ्या गाडीचा, फाट्यावरून आत 4 किलोमीटर वाढवून मागण्याचा. हा लवकर होऊ शकतो, कारण गाडी आहे, माणसं आहेत, फक्त मार्ग आणि वेळ बदलायची. ते रस्त्याची अडचण काढतील. फाटा ते गाव रस्ता बससाठी योग्य असल्याचं पत्र बांधकाम खात्याकडून मिळालं तर सोबत जोडा. गाडी वळायला जागा कुठे आहे तेही लिहा. हे कोणी लिहीत नाही आणि पाहणीला आलेला माणूस तिथूनच परत जातो.

दुसरा अर्ज मुक्कामी गाडीचा. आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. त्यात भारमानावर वाद घालत बसू नका. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा: खोली अमुक तारखेपर्यंत तयार, दिवा, पाणी, संडास, कुलूप आमच्याकडून. आणि पासवाल्या मुलींची संख्या शाळेकडून वेगळी लेखी घ्या. पास म्हणजे फुकटचा प्रवासी नव्हे, त्याचे पैसे सरकारने एसटीला द्यायचे असतात. दोन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

मॅजिकवाला
निळी गाडी सुरू होईपर्यंत फाट्यापर्यंत मी सोडून देतो, आमच्याच बाजूचं गाव असेल तर. पोरींकडून पैसे नको. गावाचं नाव व्यक्तिगत संदेशात पाठवा.

रोखठोक
हे चांगलं केलं भाऊ. माझं म्हणणं मुलींच्या विरोधात नव्हतंच. शहराला हजारो कोटींच्या योजना आणि खेड्यातल्या चार किलोमीटरला पैसा नाही, राग त्याचा आहे.

वर्धा_नांदेड
म्हणूनच रेल्वे म्हणतो मी.

धुऱ्यावरून
मॅजिकवाला दादा, संदेश पाठवला, पाहा. सरपंचांशी बोललो, ठरावाला तयार आहेत. टिनपत्र्यांचे पैसे आराखड्यात बसेपर्यंत वर्गणीतून घालू म्हणतात. सोमवारी सरांकडून यादी घेऊन यवतमाळला जातो. फाटा ते गाव रस्ता जिल्हा परिषदेचा आहे, तर ते पत्र जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने द्यायचं की सार्वजनिक बांधकामने? एवढं कोणी आजच सांगा.

पंचायतीत_नोकरी
रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडून. तालुक्यालाच कार्यालय असतं, यवतमाळला जायच्या आधी तिथे थांबा. पंचायत समितीत ग्रामसेवकाला सोबत न्या, अर्ज टाइप करून मिळेल.