पडद्यावरची देवनागरी : शिरोरेघ ठसठशीत हवी की वळण शाबूत हवे?

अक्षरजुळारी (महाल, नागपूर) :
माझ्या डीटीपीच्या दुकानात विंडोजचा संगणक आणि मॅक शेजारी शेजारी आहेत. एकाच फॉन्टमध्ये जुळवलेली लग्नपत्रिका पहिल्यावर रेखीव पण ताठर दिसते आणि दुसऱ्यावर छापल्यासारखी, पण जरा पुसट. विंडोजने वर्षानुवर्षे फॉन्टमधल्या हिंटिंगच्या (अक्षराच्या रेघा पिक्सेलवर कशा बसवायच्या, हे सांगणाऱ्या) सूचना पाळून रेघा पिक्सेलच्या चौकटीत बसवल्या. मॅकने त्या बाजूला ठेवून मूळ आराखडा जपला. गंमत अशी की, या सूचना ज्यात लिहिल्या जातात ते ट्रूटाइप हे फॉन्टचे स्वरूप १९९१ साली मॅक बनवणाऱ्या ॲपलनेच आणले होते.

माझे मत असे की, साध्या मॉनिटरवर देवनागरीला हिंटिंग हवेच. १८.५ इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर इंचाला जेमतेम ८५ पिक्सेल येतात. १२ पॉइंटचे अक्षर विंडोजच्या नेहमीच्या मापाने १६ पिक्सेलचे होते आणि तेवढ्यातच वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार सामावायचे असतात. शिरोरेघेची जाडी सव्वा पिक्सेल आली की एक ओळ काळी आणि तिला लागून एक राखाडी, असा प्रकार होतो. रोमन लिपीत हा डाग तुटक दिसतो; आपल्याकडे रेघ शब्दभर धावत असल्याने सगळा परिच्छेदच धुरकट होतो.

वळणप्रेमी (धरमपेठ) :
मी असहमत आहे. हिंटिंग म्हणजे शेवटी पूर्णांकात बसवणे. १.४ पिक्सेलची रेघ १ होते आणि १.६ची २, म्हणजे आराखड्यात जो फरक नजरेला जेमतेम जाणवावा, तो पडद्यावर पाचपट होतो. शिवाय 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला भेद डावीकडच्या गाठीवर आणि शिरोरेघेतल्या फटीवर अवलंबून असतो. लहान आकारात ती फट पिक्सेलपेक्षा अरुंद असते, आणि चौकटीत बसवताना ती बुजली की 'धर'चे 'घर' होते. राखाडी छटेत निदान फटीची शंका तरी उरते. इंचाला ४०० पिक्सेलच्या मोबाइलवर तर हा वादच उरत नाही. मग जुन्या पडद्यांसाठी अक्षरांचे हाल कशाला?

प्रूफवाचक (इतवारी) :
'जुने पडदे' म्हणणे सोपे आहे. सेतू केंद्रात सातबारा वाचणाऱ्याच्या समोर तेच असतात. पण माझी तक्रार दोन्ही पक्षांशी आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक माझ्या पडद्यावर हिंटिंगसकटही दिसत नाही आणि हिंटिंगविनाही नाही, त्यामुळे प्रूफ तपासताना मी सरळ अक्षर दुपटीने मोठे करतो. दुसरे असे की, हिंटिंगमध्ये अक्षरांची रुंदीही पूर्णांकात आली की पडद्यावर ओळ एका शब्दाशी तुटते आणि कागदावर दुसऱ्याच. अशा पडद्यावर पान लावून कोणाचे भले होणार?

अक्षरजुळारी :
रुंदीबाबतचा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी फक्त उभ्या दिशेच्या हिंटिंगची बाजू घेतो. विंडोजचे अक्षरे दाखवण्याचे तंत्र क्लिअरटाइप आडव्या दिशेच्या बहुतेक सूचना सोडून देते, आणि लिनक्सवर अक्षरे रेखाटणाऱ्या फ्रीटाइपमध्येही केवळ उभ्या दिशेने बसवण्याची सौम्य सोय आहे. शिरोरेघ आडवी असल्याने आपले काम तेवढ्यात भागते. काना, फट आणि अंतरे जशीच्या तशी राहतात. शेकडो जोडाक्षरांना हाताने सूचना लिहिण्याचा खर्च कोण करणार, असा प्रश्न येईलच (छोट्या फॉन्टकाराला तो झेपत नाही, हे खरे), पण या सूचना आपोआप लिहिणारे टीटीएफऑटोहिंट हे फुकट साधन देवनागरी ओळखते.

वळणप्रेमी :
शिरोरेघेपुरते मी मागे येतो. मात्र आपोआप केलेल्या हिंटिंगवर माझा विश्वास नाही. शिरोरेघ एका पिक्सेलवर नेमकी बसवताना तिच्या वरचे अंतर अर्ध्या पिक्सेलने जरी घटले, तरी 'र्कें'सारख्या अक्षरात रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात. आपल्या दुकानातल्या फॉन्टमध्ये १४ पिक्सेलला 'वर्षांत' आणि 'मार्केंडा' लिहून पाहा आणि दोन्ही संगणकांवरची चित्रे इथे लावा. रफारावरचा अनुस्वार वेगळा दिसला, तर पुढचे बोलू.