मदत हवी आहे: ऑनलाइन विचक्राफ्ट शिकवणारे सांगतात ते कितपत खरं, हे कसं पडताळायचं?

निशिगंध

नमस्कार. इथे विक्का (विचक्राफ्टचा आधुनिक पंथ), टॅरो, चंद्राच्या कलांप्रमाणे साधना असं काही करणारे किंवा नुसतं आवडीने वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझी मावसबहीण नुकतीच कॉलेजात जायला लागली आहे. मी बरीच वर्षं टॅरो वाचते, ते बघून तिलाही गोडी लागली. त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. पण गेले काही महिने ती एका ऑनलाइन शिक्षिकेच्या ‘अंतर्मंडळा’त आहे (नाव लिहीत नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नका) आणि तिथे जे शिकवलं जातं त्याने माझी झोप उडाली आहे.

परवा तिने मला वही दाखवली. मन लावून लिहिलेली, हिरव्या शाईत मथळे, समासात चंद्राच्या कला काढलेल्या. पहिल्याच पानावर होतं, ‘आपली परंपरा अश्मयुगापासून अखंड आहे. ९० लाख चेटकिणींना जाळलं तरी ती तुटली नाही.’ पुढे अमेरिकेतल्या सेलममध्ये जाळलेल्या बायकांसाठी मेणबत्ती लावायचा विधी. मग माबॉन हा प्राचीन केल्टिक सण, टॅरो इजिप्तच्या पुजाऱ्यांनी बनवला, वगैरे. इथवर मी गप्प होते. त्यानंतर वहीत औषधोपचारांची पानं आली. मॅलाकाइटचा खडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं. पाळी नियमित व्हावी म्हणून पेनीरॉयल या वनस्पतीच्या तेलाचे थेंब गरम पाण्यातून घ्यायचे. हे कुठून घेतलं याचा एका ओळीनेही पत्ता नाही. मी विचारलं तर म्हणाली, “ताई, त्यांना हे मागच्या जन्मातून आठवतं.”

तिच्याबरोबर बसून एक लाइव्ह सत्रही पाहिलं. चॅटमध्ये कुणीतरी अगदी नम्रपणे विचारलं, ‘आपली दीक्षा कोणत्या परंपरेतली?’ बघता बघता ती कमेंट गायब. बाईंनी गड्डीतून एक पत्ता उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. सात तलवारींचा पत्ता. म्हणाल्या, “आत्ता इथे कुणीतरी चोरपावलांनी आलंय, संशयाची ऊर्जा घेऊन. सगळ्यांनी आपापलं कवच घट्ट करा.” खाली जांभळ्या बदामांची रांग लागली. माझी बहीण शेजारी डोळे मिटून कवच घट्ट करत होती. तो पत्ता मीही शेकडो वेळा वाचलाय, पण प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला तो असा वापरलेला पाहून मला धक्का बसला.

आणि आता तिला खाजगी मेसेज आलाय: ‘तुझ्या जवळच्याच एका स्त्रीने तुझी वाट बांधली आहे. सोडवायचं तर वेगळा विधी करावा लागेल.’ त्याचं शुल्क अर्थातच वेगळं. जवळची स्त्री म्हणजे कोण, हे तिने मला सांगितलं नाही, पण तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते.

मला हा मार्ग मनापासून प्रिय आहे, म्हणूनच त्याच्या नावावर असं चाललेलं बघवत नाही. तिची आवड मोडायची नाही. तिच्याशी बोलायचं कसं? आणि यातल्या कुठल्या गोष्टी कशा तपासायच्या?

---

क्षार

बाकी सगळं नंतर. ते तेल तिने घेतलंय का, हे आजच विचारा. पेनीरॉयल पुदिन्याच्या कुळातलं आहे म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण त्याच्या तेलात प्युलेगोन नावाचं रसायन असतं आणि ते यकृतावर घाला घालतं. १९७८ मध्ये अमेरिकेत एक १८ वर्षांची मुलगी औंसभर तेल पिऊन दगावली. ‘नैसर्गिक आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. घेतलं असेल तर बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना नाव स्पष्ट सांगा. पाळीची तक्रार खरी असेल तर तिच्यासाठीही डॉक्टरच.

मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. साध्या पाण्यात ते फारसं विरघळत नाही, पण आम्ल लागलं की तांबं सुटतं, आणि खड्याची भुकटी पोटात गेली तर तिथे आम्लच असतं. इतर खड्यांच्या याद्या फिरतात त्या याहून वाईट. सिनाबारमध्ये पारा, गॅलेनात शिसं, रिअलगारमध्ये आर्सेनिक. खडा पाण्याच्या भांड्याबाहेर शेजारी ठेवूनही विधी होतो, असं तिला सांगून बघा. श्रद्धेला धक्का लागत नाही आणि पोटात काही जात नाही. धुपासाठी कोळशाच्या वड्या जाळत असेल तर खिडकी उघडी हवी, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो.

---

जुनी_पोथी

क्षार यांच्या प्रतिसादाला दुजोरा. मी इतिहासापुरतं लिहितो.

९० लाखांचा आकडा फॉइग्ट नावाच्या जर्मन विद्वानाने १७८४ मध्ये काढला. क्वेडलिनबुर्ग या एका गावातल्या मोजक्या नोंदी घेतल्या, त्यांचा अकरा शतकांना आणि अख्ख्या युरोपला गुणाकार केला. आजचे इतिहासकार प्रत्यक्ष खटल्यांच्या कागदपत्रांवरून साधारण ४० ते ६० हजार मृत्युदंड धरतात. त्यात पुरुषही बरेच होते आणि आइसलँडमध्ये तर पुरुषच जास्त. सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी दिलं आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला दगडांच्या वजनाखाली चिरडलं. जाळलं कुणालाच नाही. ४० हजार माणसं काय थोडी झाली? त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायची तर त्यांचं खरं काय झालं ते माहीत असावं, एवढंच म्हणेन.

अखंड परंपरेची कल्पना मार्गारेट मरी यांच्या १९२१ च्या पुस्तकाने रुजवली. पुढच्या संशोधनात ती टिकली नाही. विक्का लोकांपुढे आणली जेराल्ड गार्डनर यांनी. इंग्लंडमधला १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यांचं विक्कावरचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. माबॉन हे त्या सणाचं नाव १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन लेखकाने ठेवलं. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणून खेळत. इजिप्तशी त्याचं नातं १७८१ मध्ये कूर द जेब्लँ यांनी जोडलं. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियाँने उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे त्यांना ती वाचताच येत नव्हती.

यातून हा मार्ग खोटा ठरत नाही. रोनाल्ड हटन या ब्रिटिश इतिहासकाराने १९९९ मध्ये हा सगळा इतिहास सविस्तर मांडला आणि साधना करणाऱ्या अनेकांनीच तो आपलासा केला. वय ७०-७५ वर्षं आहे हे मान्य करूनही लोक श्रद्धेने साधना करतात. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. शिक्षकाला विचारायचं, ‘हे कधीपासून आहे आणि तुम्ही कुठे वाचलंत?’ जो चिडतो त्याच्याकडून पुढचंही शिकू नये.

---

साधा_प्रश्न

माझा यातल्या कशावरच विश्वास नाही, हे आधीच सांगतो. पण धागा वाचून काळजी वाटली म्हणून लिहितोय. वाद श्रद्धेवर नेऊ नका. ‘हे सगळं थोतांड आहे’ असं माझ्यासारख्याने म्हटलं की मुलगी आणखी तिकडेच ढकलली जाते. तुम्ही स्वतः त्यातल्या आहात, त्यामुळे तुमचं तिला पटण्याची शक्यता जास्त.

मेसेजबद्दल एक. तो खरंच त्या बाईंच्या खात्यावरून आलाय का, हे बघा. टॅरो वाचणाऱ्यांच्या नावाची नक्कल खाती सर्रास असतात. फोटो तोच, नावात एक टिंब किंवा अंडरस्कोअर जास्त. ‘तुमचे पूर्वज मला तुमच्याकडे घेऊन आले’ अशी सुरुवात, मग बाधा, मग शुल्क, मग ‘बाधा खोल निघाली’ म्हणून आणखी शुल्क.

---

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. तेल तिने अजून घेतलं नव्हतं, बाटली आता माझ्याकडे आहे. क्षार, तुमचा प्रतिसाद तिला जसाच्या तसा वाचायला दिला. खडा भांड्याबाहेर ठेवायचं तिला लगेच पटलं.

साधा_प्रश्न, खातं तपासलं, मेसेज खऱ्या खात्यावरूनच आहे. तुम्ही विश्वास नसताना इतक्या आपुलकीने लिहिलंत, बरं वाटलं.

इतिहासाचं मात्र अवघड गेलं. ९० लाखांचं सांगितलं तर रडायला लागली. म्हणाली, “मग आम्ही दर अमावस्येला कुणासाठी रडत होतो?” मला पटकन काही सुचलं नाही. मग जुनी_पोथी यांचं ४० हजारांचं वाक्य वाचून दाखवलं.

आता नवीन अडचण. पुढच्या पौर्णिमेला तिची व्हिडिओ कॉलवर दीक्षा आहे. त्याआधी शपथ घ्यायची आहे. मंडळ सोडणार नाही, इथलं बाहेर कुणालाही सांगणार नाही, मोडली तर केलेलं सगळं तिप्पट उलटेल. अशी शपथ खरंच असते का? बाईंचं म्हणणं, जुन्या परंपरांतही गुप्तता असते.

---

उंबरठा

मी गार्डनेरियन, म्हणजे गार्डनर यांच्यापासून चालत आलेल्या परंपरेत दीक्षित आहे, त्यामुळे एवढंच सांगू शकते की गुप्ततेची शपथ असते, हे खरं. ती विधींच्या मजकुराबद्दल आणि सोबतच्या लोकांची नावं उघड न करण्याबद्दल असते. सोडून जाणाऱ्याला बांधून ठेवायला नसते. आईला, बहिणीला किंवा डॉक्टरला काही सांगायला बंदी हे तर कुठल्याच शहाण्या गटात चालणार नाही. आणि ‘जे कराल ते तिप्पट परत येतं’ हा विक्कातला नियम ‘माझं ऐकलं नाहीस तर’ असा कुणा शिक्षिकेच्या हातात दिलेला नाही.

आमच्याकडे दीक्षा समोरासमोर होते आणि तिचे पैसे घेत नाहीत. कुणी स्वतःला या परंपरेतलं म्हणवत असेल तर त्याला दीक्षा कुणी दिली, हे इतर दीक्षितांकडून तपासता येतं. त्यामुळे लाइव्हमध्ये त्या माणसाने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. एकट्याने साधना करणारेही पुष्कळ आहेत, त्यांना कुणाच्या दीक्षेची गरज नसते. हे तिला जरूर सांगा, कारण ‘मंडळ सुटलं की सगळं सुटलं’ ही भीतीच अशा ठिकाणी माणसाला धरून ठेवते.

आयझॅक बोनविट्स नावाच्या अमेरिकन ड्रूइडने (ड्रूइड म्हणजे अशाच एका निसर्गपूजक पंथातला साधक) १९७९ मध्ये गटांचा धोका मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली होती. नेत्याचा शब्द किती अंतिम, पैशाचा दबाव किती, बाहेरच्या माहितीवर बंदी किती, सोडून जाणाऱ्याचा पिच्छा किती, अशा प्रत्येक मुद्द्याला १ ते १० गुण द्यायचे. तुम्ही देऊ नका, तिला स्वतःला देऊ द्या. शेजारी नुसतं बसा.

‘जवळची स्त्री’ हा विषय मात्र टाळू नका. तिला तुमच्याबद्दल शंका आलीये आणि ती विचारायला घाबरतेय. तुम्हीच आधी विचारा, “तुला ती मी वाटते का?”

---

निशिगंध

विचारलं. हो म्हणाली. खूप वेळ बोललो, सगळं इथे लिहीत नाही.

प्रश्नावली तिने काल रात्री भरली, मला गुण दाखवले नाहीत. दीक्षेचं अजून ठरलेलं नाही. शपथेचा पूर्ण मजकूर आधी वाचायला द्या, असा मेसेज तिने स्वतःच टाइप करून बाईंना पाठवलाय. मंडळातल्या आणखी दोन मुलींनी तोच मजकूर मागितला आहे, आणि त्यातल्या एकीनेही वहीतलं तेल आणून ठेवलंय म्हणे. क्षार, तुमचा प्रतिसाद तिला पाठवू का? आणि तिने घेतलं असेल तर कोणती लक्षणं बघायची?

---

क्षार

जरूर पाठवा, विचारायचीही गरज नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, चक्कर यातलं काहीही असेल तर लगेच दवाखाना. काहीच होत नसलं तरी घेतलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण यकृताचा त्रास उशिरा दिसू शकतो. गरोदर असण्याची थोडीही शक्यता असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला सांगा. तिला थेट माझ्याशी बोलायचं असेल तर माझं खातं इथे आहेच.