चर्चा धागा: रोजच्या कामासाठी आणि गेमिंगसाठी एकाहून अधिक मॉनिटर खरोखर हवेत का?

धागालेखक:
मी दिवसा भाषांतराचे काम करतो आणि रात्री तासभर कार-रेसिंगचे सिम्युलेटर खेळतो. दोन्हींसाठी माझ्या टेबलावर २४ इंची तीन मॉनिटर आहेत आणि त्यांवर झालेला खर्च पूर्णपणे सार्थकी लागला, असे माझे ठाम मत आहे. मूळ मजकूर डावीकडे, भाषांतर समोर आणि शब्दकोश उजवीकडे असला की नुसती नजर फिरवून काम होते. एकाच स्क्रीनवर ऑल्ट-टॅब करत बसलो की नुकतेच वाचलेले लांबलचक वाक्य दुसरी विंडो उघडेपर्यंत डोक्यातून निसटते.

खेळातला फायदा तर मोजून दाखवता येतो. २४ इंची स्क्रीन सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद असते आणि ६० सेंटीमीटरवरून पाहिल्यास ती जेमतेम ४८ अंशांचा कोन व्यापते. बाजूचे दोन मॉनिटर आपल्याकडे वळवून लावले की हाच कोन १४० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे वळणावर आतल्या बाजूने घुसणारी गाडी मान किंचित वळवताच दिसते.

प्रतिसाद १:
कामाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण खेळाबद्दलचे नाही. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीने २००९ मध्ये आयफिनिटी हे तंत्र आणल्यापासून तीन स्क्रीनवर एकच खेळ पसरवणे सोपे झाले हे खरे असले, तरी फुल एचडीच्या एका स्क्रीनवर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात आणि तिन्हींवर मिळून ते ६२ लाखांवर जातात. हा सगळा भार एकट्या ग्राफिक्स कार्डावर पडतो. शिवाय प्रत्येक स्क्रीनचा कोन वेगळा धरून चित्र काढण्याची सोय बऱ्याच खेळांत नसते, त्यामुळे बाजूचे दृश्य ताणलेले दिसते. दोन मॉनिटरवर खेळ पसरवणे तर निरुपयोगीच, कारण दोन चौकटींमधली काळी पट्टी नेमकी नेम धरण्याच्या जागी येते. काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळाच्या स्पर्धांत खेळाडू एकाच, पण जास्त रिफ्रेश रेटच्या (सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर खेळतात, ते काही उगाच नाही.

धागालेखक:
नेमबाजीच्या खेळांबाबत तुमचे म्हणणे मला पटते. माझा आग्रह रेसिंग आणि विमानाच्या सिम्युलेटरपुरताच आहे, कारण तिथे बाजूला पाहता येणे हाच खेळाचा गाभा आहे.

प्रतिसाद २:
माझा अनुभव कामाच्या बाबतीतही उलट आहे. दुसरा मॉनिटर घेतला तेव्हा त्यावर संदर्भ उघडे ठेवायचे ठरवले होते, पण महिन्याभरात तिथे ईमेल आणि व्हॉट्सॲप कायमचे येऊन बसले. हिशेबाच्या तक्त्यात आकडे भरत असताना कोपऱ्यात काहीतरी हलले की डोळा तिकडे जाई आणि परत आल्यावर कोणत्या ओळीवर होतो ते शोधावे लागे. दोन्ही मॉनिटर सारख्याच अंतरावर ठेवून मध्यभागी बसत असल्यामुळे मान दिवसभर एकीकडे वळलेली राही, ते दुखणे निराळेच. आता मी एकच मॉनिटर वापरतो आणि विंडोज १० पासून मिळालेले व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून उघडता येणारे वेगवेगळे डेस्कटॉप, कामांनुसार वेगळे ठेवतो. डोळ्यासमोर नसलेली गोष्ट लक्ष मागत नाही.

धागालेखक:
मानेचा त्रास मांडणीमुळे होतो. मुख्य मॉनिटर नाकासमोर आणि दुसरा बाजूला तिरका ठेवावा, दोघांच्या मध्ये बसू नये. लक्ष विचलित होण्याचा मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेतो. माझ्या बाजूच्या मॉनिटरवर संदेश कधीच उघडे नसतात आणि ती शिस्त नसती, तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो.

प्रतिसाद ३:
दोन्ही बाजूंनी अल्ट्रावाइडचा, म्हणजे एकाच खूप रुंद मॉनिटरचा, विचार राहून गेला आहे. ५१२० बाय १४४० पिक्सेलची एक स्क्रीन म्हणजे २५६० बाय १४४० च्या दोन स्क्रीन शेजारी-शेजारी, आणि मध्ये काळी पट्टीही नाही. तरीही मी ऑफिससाठी दोन वेगळे मॉनिटरच ठेवले आहेत, कारण मीटिंगमध्ये ती पूर्ण रुंद स्क्रीन शेअर केली की समोरच्याच्या लॅपटॉपवर अक्षरे इतकी बारीक दिसतात की प्रत्येक वेळी ‘जरा झूम करा’ असे ऐकावे लागते. दोन मॉनिटर असले की एक शेअर करता येतो आणि स्वतःची टिपणे दुसऱ्यावर राहतात.