मदत हवी आहे: मर्यादा २० एमबीपीएसची, खानापूर शाखेत मिळतात ११-१२च

खानापूर_लॅन: नमस्कार मंडळी. बेळगावच्या मुख्य ऑफिसातल्या सिस्को राउटरवरून खानापूर शाखेच्या लिंकला पोलिसिंग (मर्यादेपलीकडचं पॅकेट फेकून देणं) लावलंय: 'पोलीस २०००००००', बर्स्ट (एका दमात सोडायची मुभा) ८००० बाइट. पोर्ट गिगाबिट. आयपर्फवर (वेग मोजायचं टूल) यूडीपी (पोच न मागता पाठवणारा प्रोटोकॉल) पूर्ण २० दाखवतो. मुंबईच्या सर्व्हरवरून टीसीपी (पोच घेत पाठवणारा प्रोटोकॉल) डाउनलोड मात्र ११-१२ वर अडकतं. पिंग ३० मिलिसेकंद. पावसामुळे आधी फायबरच्या जॉइंटवर संशय होता, पण सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेट) शून्य. नेमकं कुठं चुकतंय?

तिसरे_गेट: फायबर ठीक आहे, बर्स्ट फार लहान आहे. पोलिसिंग हिशेब ठेवतं टोकन बकेटमध्ये; त्यात पॅकेट नसतात, पाठवायची परवानगी असते. ८००० बाइटच्या परवानगीत १५०० चे पाचच पॅकेट बसतात. गिगाबिटवर ते पाच ६० मायक्रोसेकंदांत येतात. तेवढ्या वेळात २० एमबीपीएसच्या दराने नवे टोकन जमतात जेमतेम १५० बाइट. सहावं पॅकेट तिथंच ड्रॉप. टीसीपी त्याला गर्दी समजून वेग खाली आणतो, हळूहळू वाढवतो, पुन्हा आपटतो. आयपर्फ यूडीपी थोडं थोडं, समान अंतरानं सोडतो, म्हणून तो सुटतो. 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' बघा: सरासरी १२ असूनही एक्सीडेडचा (मर्यादा ओलांडलेल्या पॅकेटचा) आकडा चढत असेल.

बर्स्ट किमान दर × पिंग ÷ ८ हवा, म्हणजे ७५००० बाइट. मी तर बर्स्टचा आकडाच काढून टाकीन. सिस्कोची सिस्टीम आयओएस स्वतः दर ÷ ३२, म्हणजे ६२५००० धरतं.

पण लिंक तुमच्याच हातात आहे, तर पोलिसिंग हवंच कशाला? आउटपुटला 'शेप ॲव्हरेज २०००००००' लावा. जादा पॅकेट फेकलं जात नाही, रांगेत थांबतं. एक सांभाळा: पोलिसमध्ये बर्स्ट बाइटमध्ये, शेपमध्ये बिटमध्ये. पोलिसमधला बर्स्टचा आकडा तसाच शेपमध्ये टाकलात तर आठपटीची चूक.

खानापूर_लॅन: एक्सीडेड खरंच चढतोय, सर. शेप लावल्यावर आयपी फोन अडखळणार नाहीत ना? आणि अपलोडचं काय?

तिसरे_गेट: ६४ पॅकेटची रांग भरली तर २० एमबीपीएसवर सुमारे ३८ मिलिसेकंद उशीर. आवाज त्या रांगेत उभा करू नका: शेपच्या आत दुसरी पॉलिसी जोडून ईएफला (आवाजाच्या पॅकेटवरची खूण) 'प्रायॉरिटी १०००', म्हणजे १००० केबीपीएस द्या. जी.७११ (आवाजाचा कोडेक) च्या एका कॉलला इथरनेटवर साधारण ८७ केबीपीएस लागतात, दहा कॉल आरामात बसतील.

येणाऱ्या ट्रॅफिकला शेप लागत नाही, त्यामुळे अपलोडचा शेप खानापूरच्या राउटरच्या आउटपुटला.

निपाणी_नेट: खानापूरला मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर फास्टट्रॅकचा (पॅकेट शॉर्टकटनं सोडणारा) नियम आधी बंद करा. तो चालू असला की सिंपल क्यू (तिथली वेगमर्यादेची रांग) बाजूला राहतो, मर्यादा लागतच नाही. क्यूच्या मॅक्स-लिमिटमध्ये पहिला आकडा अपलोडचा. रांगेचा प्रकार डीफॉल्ट-स्मॉल असेल तर ती फक्त १० पॅकेटची, म्हणजे हाच घोटाळा दुसऱ्या टोकाला. आरओएस ७ (मायक्रोटिकची सिस्टीम) असेल तर एफक्यू-कोडेल हा रांगेचा प्रकार निवडा.