पोल्ट्रीला शेतीचा दर्जा मिळाला, पण कंपनीच्या कराराचं काय?

कवठेकर_शेडवाला:
जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पशुसंवर्धनाला शेतीसारखा दर्जा द्यायचा निर्णय घेतला तेव्हा आमच्याकडं सगळेच खूश झाले, मी पण झालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, २५ हजारपर्यंत ब्रॉयलर म्हणजे मांसाच्या कोंबड्या, ५० हजारपर्यंत अंड्यांच्या कोंबड्या, ४५ हजारपर्यंतची हॅचरी म्हणजे पिल्लं उबवायचं केंद्र, १०० दुभती जनावरं, ५०० शेळ्यामेंढ्या, २०० डुकरं इथपर्यंत ज्यांचा धंदा आहे त्यांना वीज 'कृषी इतर' ऐवजी कृषी दरानं, ग्रामपंचायतीचा कर राज्यभर सारखा आणि शेतीप्रमाणं, आणि कर्जाच्या व्याजात ४ टक्क्यांपर्यंत सवलत.

आता माझं म्हणणं. सांगली जिल्ह्यात ब्रॉयलर करणारे बरेचसे लोक कंपनीच्या करारावर आहेत. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, शेड आपलं, मजूर आपला, वीज पाणी, शेडात अंथरायचं तूस, कोळसा सगळं आपलं, आणि हातात येतो तो किलोमागं ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवून द्यायची मजुरी. सवलत मिळाली ती आपल्या खर्चाच्या बाजूला, पण चार्ज ठरवणार कंपनी. उद्या सुपरवायझर येऊन म्हणाला की आता तुम्हाला लाईट स्वस्त झाली, चार्ज पन्नास पैसे कमी धरू, तर आपण काय करणार? कुठल्या कागदावर बोट ठेवणार? माझ्याकडं कराराची प्रतसुद्धा नाही, सह्या घेतल्या आणि फाईल घेऊन गेले.

गेल्या उन्हाळ्याची बॅच सांगतो. ६ हजार पक्षी, ४० व्या दिवशी सव्वादोन किलोवर तयार. लिफ्टिंगला, म्हणजे तयार पक्षी उचलून न्यायला, रोज फोन, रोज उद्या गाडी येतीय. गाडी आली ४९ व्या दिवशी. तेवढ्यात दुपारी पत्रा तापायचा, पक्षी चोच उघडून धापा टाकायचे, फॉगर चालवून, पत्र्यावर पोती भिजवून टाकून पण नऊ दिवसांत ३१० मेले. मेलेले ओझं करून खड्ड्यात टाकताना हात थरथरतो हो, दीड महिना लेकरासारखं सांभाळलेलं असतं. आणि हिशेबात काय, मरतुक माझी, एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागलं तो हिशेब, बिघडला तोही माझाच, चार्ज कापला. उशीर कंपनीचा, दंड मला. हे कुठल्या न्यायानं?

वीज दरापेक्षा आधी तीन गोष्टी कायद्यानं व्हायला पाहिजेत, कराराची मराठी प्रत शेतकऱ्याच्या हातात, पक्षी तयार झाल्यावर ठरलेल्या दिवसांत लिफ्टिंग आणि उशिराची मरतुक कंपनीच्या खात्यावर, आणि वजन शेतकऱ्यासमोर.

विटेकर:
दादा तुमचं दुःख कळतंय पण मी उलट बाजूचा आहे. मी २०२० पर्यंत ओपन करायचो, म्हणजे पिल्लं स्वतः विकत, खाद्य उधारीवर, माल व्यापाऱ्याला. फेब्रुवारी मार्च २०२० आठवतंय का, चिकन खाल्लं की कोरोना होतो अशी अफवा उठली आणि जिवंत पक्ष्याचा रेट पार दहा रुपयांच्या खाली गेला, उत्पादन खर्च सत्तर पंच्याहत्तर. पलीकडं कर्नाटकात गोकाकला एका शेतकऱ्यानं हजारो पक्षी जिवंत पुरले ते सगळ्यांनी बघितलं. माझे ८ हजार पक्षी होते, लोकांना फुकट वाटले, टेम्पो भाडं वरनं दिलं. खाद्यवाल्याची उधारी फेडायला बायकोचे दागिने गेले, ते अजून आलेले नाहीत. त्या वेळी आमच्या शेजारच्या करारवाल्याला चार्ज मिळाला, थोडा उशिरा, पण मिळाला. मार्केट पडलं तर कंपनी मरते, आपण नाही. ही गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये कुठंच नाही.

आणि २०२१ ला खाद्यातली सोयापेंड किलोला शंभरीला टेकली तेव्हा केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करू दिली, तोवर ओपनवाले खलास झाले होते. करारवाल्याला पेंडीचा रेट काय ते विचारायची पण गरज पडली नाही. खाद्य शेडवर येऊन पडतंय ना, मग झालं.

कवठेकर_शेडवाला:
विटेकर, मान्य, २०२० ला कंपनीनं आम्हाला वाचवलं, हे मी नाकारत नाही. पण मार्केटचा धोका कंपनी घेते म्हणून उन्हाचा, उशिराचा, पिल्लाच्या क्वालिटीचा सगळा धोका माझ्यावर टाकायचा का? खराब हॅचचं पिल्लू आलं, नाभी ओली, पहिल्या आठवड्यात दोनशे मेली, तरी कागदावर माझी मरतुक. तो काही मार्केटचा धोका नव्हे.

एक_सुपरवायझर:
मी एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे, नाव सांगत नाही, नोकरीचा प्रश्न आहे. रोज पन्नास साठ किलोमीटर गाडी चालवतो, पंधरा वीस शेड बघतो. शेतकऱ्यांना वाटतं आम्ही मुद्दाम गाडी लावत नाही. तसं नसतं, मुंबई पुण्याचा उठाव थांबला की माल शेडवरच राहतो, श्रावणात तर हमखास. आणि एफसीआर बिघडतो तो कायम उशिरानंच असं पण नाही. खाद्याच्या गोण्या शेजारच्या गावठी कोंबडीवाल्याला गेलेल्या मी स्वतः पकडल्यात, रात्री पिल्लांना ऊब द्यायची ब्रूडिंगची शेगडी विझली आणि माणूस घरी झोपला, पिल्लं कोपऱ्यात ढीग करून गुदमरून मेली हे पण बघितलंय. सगळी मरतुक कंपनीवर टाकली तर शेडवर कोण जागणार?

अजून एक. तुम्ही इथं कडक कायदा केलात तर कंपनी कुठं जाईल? मिरजेतनं निघालं की तासाभरात कर्नाटकातलं कागवाड अथणी. तिकडं पण शेडं आहेत, तिकडं पण लोक तयार आहेत. पिल्लं तीच, गाडी तीच, फक्त हद्द बदलली. मग इथली रिकामी शेडं बँकेचे हप्ते कसे भरणार?

पलूसचा_पोरगा:
सुपरवायझर साहेब, हद्दीची भीती दाखवू नका. तमिळनाडूनं २०१९ ला करार शेतीचा कायदा केला, तिथनं कुठली कंपनी पळून गेली? ही पद्धतच कोइमतूरकडनं आपल्याकडं आली, आणि ती तिथं अजून चालू आहे. केंद्रानं २०२० ला केलेल्या करार शेतीच्या कायद्यात पोल्ट्री पण होती, वाद झाला तर प्रांताकडं जायचं असं लिहिलेलं. बाकीच्या दोन कायद्यांबरोबर तो पण २०२१ ला मागं घेतला, ते आंदोलन वेगळ्या कारणानं होतं, मी त्यावर बोलत नाही, पण आपल्यासारख्यांना दाद मागायला जी एक खिडकी मिळाली असती ती पण बंद झाली. राज्यानं तेवढं एक कलम उचलून आपला कायदा करावा, वाद प्रांताकडं आणि तीस दिवसांत निकाल, बाकी काही नको.

गावठाणातली:
तुम्ही सगळे शेडवाले आणि कंपनीवाले आपापसात बोलताय, आमच्यासारख्या शेजाऱ्यांचं कोण बोलणार? माझ्या घराच्या मागं दीडशे मीटरवर शेड आहे. पावसाळ्यात तूस ओलं झालं की अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरतात आणि माश्या तर विचारू नका, जेवायच्या ताटावर एक हात हलवत बसायचं, पोरांना मच्छरदाणीत बसवून जेवायला घालते मी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून ५०० मीटर आहे, आणि ५ हजारांच्या वर पक्षी असले तर प्रदूषण मंडळाची संमती लागते. मग आमच्याकडं काय करतात, एक शेड नवऱ्याच्या नावावर साडेचार हजारांचं, दुसरं बायकोच्या नावावर साडेचार हजारांचं, मध्ये एक भिंत. आता वर शेतीचा दर्जा, म्हणजे तक्रार केली की म्हणणार ही शेती आहे. शेतात माश्या असतात म्हणणार.

कवठेकर_शेडवाला:
ताई, तुमचं बरोबर आहे, मी वाद घालणार नाही. माझं शेड गावापासून लांब रानात आहे पण दोन नावांवर शेडं करणारे मलाही माहीत आहेत. शेतीचा दर्जा म्हणजे अंतराच्या नियमातनं सुटका असा अर्थ कुणी काढत असेल तर तो चुकीचा आहे, ते दोन वेगळे विषय आहेत. तूस कोरडं ठेवलं, दर दोन दिवसांनी हलवलं, चुना मारला, पाण्याच्या निपलची गळती बघितली तर वास निम्मा कमी होतो, हे कष्टाचं काम आहे आणि ते शेडवाल्यानं केलंच पाहिजे. खत तर तासगावचे द्राक्षवाले दारात येऊन नेतात, ते ओलं ठेवून कुणाचाच फायदा नाही.

मिरजकर_चिकनवाला:
माझं दुकान आहे त्यामुळं शेवटच्या टोकाचं सांगतो. नियम नियम म्हणता तर आमच्यावर कमी नाहीत. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०११ च्या नियमात दिवसाला ५० पक्षी कापण्यापर्यंत नुसती नोंदणी, ५० ते १,००० पर्यंत राज्याचा परवाना, त्याच्या वर केंद्राचा. फरशी, भिंतीला टाईल्स, फ्रीज, मेडिकल, सगळं केलं, लाखभर घातले. २०२३ ला सुरतेत परवाना नसलेली दुकानं धडाधड बंद केली ते बघून आधीच करून घेतलं. माझा मुद्दा असा की गिऱ्हाईक मला विचारतं पक्षी कुठला, कुठलं औषध दिलं, किती दिवस आधी बंद केलं. मी काय सांगू? तुमच्या करारात ते लिहा. लिफ्टिंगच्या आधी अँटिबायोटिक कधी थांबवलं त्याची चिठ्ठी गाडीबरोबर आली पाहिजे. त्यासाठी किलोला रुपया जास्त द्यायला मी तयार आहे.

निवृत्त_पशुवैद्य:
चर्चेत एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात. दोन्ही वेळा पक्षी नष्ट केले आणि नियंत्रण क्षेत्र जाहीर झालं. अशा वेळी भरपाई मोजतात ती पक्ष्यांची, अंड्यांची, खाद्याची. करारात पक्षी आणि खाद्य दोन्ही कंपनीचं असेल तर शेडवाल्याच्या हातात काय येणार याचा विचार करा, आणि पुन्हा पिल्लं टाकायला परवानगी मिळेपर्यंत शेड रिकामं, हप्ता चालू. उद्या तुमच्याकडं झालं तर वीजदराची सवलत तुम्हाला वाचवणार नाही. कराराची प्रत मागा आणि त्यात रोगाच्या साथीचं कलम काय आहे ते आधी वाचा, समजलं नाही तर वकिलाकडनं वाचून घ्या.

विटेकर:
डॉक्टरसाहेब हा मुद्दा माझ्या पण डोक्यात आला नव्हता. मी अजूनही म्हणतो करार वाईट नाही, मी स्वतः आता करारावरच आहे. पण प्रत माझ्याकडं पण नाही हे आत्ता हे वाचताना लक्षात आलं. उद्याच मागतो. चार्ज किती द्यायचा ते मात्र सरकारनं ठरवू नये, त्यात सरकार घुसलं की दुधाच्या दरासारखं होतं, कागदावर एक आणि डेअरीत दुसरं.

एक_सुपरवायझर:
प्रत द्यायला अडचण नसते, मागत कुणी नाही. वजनाचं म्हणाल तर आम्ही शेतकऱ्यासमोरच करतो.

कवठेकर_शेडवाला:
साहेब, समोर करता हे खरं. पण रात्री दोन वाजता, हातात एक टॉर्च, गाडीवरची पोरं घाईत, क्रेट गाडीवरनं नुकतेच धुऊन उतरवलेले, पाणी गळतंय, आणि रिकाम्या क्रेटचं वजन तेव्हाच धरायचं. पाण्याचं वजन क्रेटच्या वजनात जातं आणि तेवढं माझ्या पक्ष्यातनं वजा होतं. क्रेटमागं पाव किलो धरा आणि हजारभर क्रेट भरले तर अडीचशे किलो होतात. मी बोललो तर म्हणाले गाडी परत नेऊ का. पक्षी ४९ दिवसांचे झालेले, मी काय म्हणणार होतो?

बुधवारी नवीन पिल्लं येतायत, तूस टाकून झालंय, शेगड्या पेटवून बघितल्या. या वेळी स्वतःचा काटा आणलाय, वैधमापनवाल्यांकडनं शिक्का मारून. लिफ्टिंगच्या दिवशी क्रेट संध्याकाळीच उतरवून घेणार, पुसून वाळवणार, मग वजन, मग गेट उघडणार. विटेकर, तुम्हाला प्रत मिळाली तर साथीचं कलम कसं आहे तेवढं इथं टाका.